महाद्वाराबाहेरचा माणूस

२०१५ सालची महाशिवरात्र १७ फेब्रुवारीला होती, मंगळवारी. सकाळी कोल्हापुरात देवळातून परतताना मी एका चहाच्या गाड्यावर थांबलो. आदल्या दिवशी सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी येत होते. सागरमाळला, घराच्या हाकेच्या अंतरावर, मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघंही दवाखान्यात होती. गावात दुसरा विषय नव्हता. गाड्यावर एक गृहस्थ होते, कपाळावर ताजं भस्म, हातात बेलाची पिशवी. उपवास म्हणून नुसता चहा घेत होते. कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "देव बघत असतोय. देवाला न मानणाऱ्याचं शेवटी असंच हुतंय बघा."

आम्ही सहा-सात जण होतो. कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. पैसे दिले आणि निघालो. २० तारखेला पानसरे मुंबईत गेले.

ते न बोललेलं आज बोलतो.

मी देव मानतो. शुक्रवारी अंबाबाई चुकत नाही, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाऊन गुलालात न्हाऊन येतो, घरात देव्हारा आहे आणि त्यातलं निरांजन रोज लागतं. म्हणूनच त्या वाक्याचा राग मला नास्तिकापेक्षा जास्त यायला हवा. त्या वाक्यात पानसरेंचा अपमान होताच, पण त्याहून मोठा अपमान देवाचा होता. एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर आणि त्याच्या बायकोवर सकाळच्या पारी माणसं घालणारा तो देव कसला? त्याला आपल्याकडं सुपारी देणारा म्हणतात. भस्म लावून आलेल्या त्या भक्तानं महादेवाला त्या रांगेत नेऊन उभं केलं, आणि तेही महाशिवरात्रीला.

गोळ्या कुणी झाडल्या, कुणी झाडायला लावल्या, हे न्यायालयानं ठरवायचं आहे. दहा वर्षं झाली तेव्हाही खटला चालूच होता. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याआधी पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला. त्यात गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. मला आज आरोपींबद्दल बोलायचं नाही. मला त्या गाड्यावरच्या शांततेबद्दल बोलायचं आहे. तुमच्या-माझ्यासारख्या भल्या, देवभोळ्या माणसांच्या मनात कुठंतरी हा हिशेब पक्का बसलेला असतो: मानणारा देवाच्या जवळचा, न मानणारा लांबचा, आणि 'मला काही सांगता येत नाही' म्हणणारा मधे कुठंतरी लटकलेला. हा हिशेब कुणी मांडला? देवानं तर नाही.

पानसरे मूळचे नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. शिकायला कोल्हापुरात आले आणि कोल्हापूरचेच झाले. वर्तमानपत्रं टाकली, नगरपालिकेत शिपाई म्हणून राबले, शिकवलं, मग वकिली केली. वकिली कुणाची? ज्यांच्याकडं फी द्यायला नसते त्यांची. मोलकरणी, फेरीवाले, कामगार. जात मोडून लग्न करणाऱ्या पोरापोरींना घरचे दार बंद करतात, तेव्हा हे त्यांच्या पाठीशी उभे राहायचे. १९८८ साली 'शिवाजी कोण होता?' हे बारकं पुस्तक लिहिलं. त्याच्या लाखावर प्रती खपल्या. महाराजांना देव्हाऱ्यात बसवून मोकळं होणाऱ्यांना त्यांनी रयतेचा राजा परत दाखवला.

आणि टोल. कोल्हापूरकराला टोलची आठवण करून द्यायला नको. गावातल्या गावात फिरायला पैसे मोजायचे म्हटल्यावर सगळं गाव रस्त्यावर आलं. तालमीतले पैलवान आले, गणेश मंडळांची पोरं आली, डोक्यावर पदर घेतलेल्या आयाबाया आल्या. सगळ्यांच्या पुढं एन. डी. पाटील सर आणि पानसरे, दोघंही ऐंशीच्या घरातले, भर उन्हात. दोघांपैकी एकानंही देवळात जाऊन नारळ फोडून मोर्चा काढला नव्हता. मागून चालणाऱ्या हजारो भाविकांपैकी एकानंही, पुढचा माणूस देव मानतो का, हे विचारलं नव्हतं. टोल उठला तेव्हा पानसरे नव्हते.

त्यांचा मुलगा अविनाश त्यांच्या आधी गेला. तरणाताठा मुलगा गेल्यावर आपल्यासारख्यांना एक आधार असतो. देवाला आवडला म्हणता येतं, नाहीतर देव्हाऱ्यापुढं बसून देवाशी कडाकडा भांडता येतं. नास्तिकाला तेही नाही. बोल लावायला कुणी नाही, पुढच्या जन्मी भेटेल ही आशा नाही, नशिबाची ढाल नाही. सगळं दुःख एकट्यानं, उघड्या अंगावर घ्यायचं. पानसरेंनी मुलाच्या नावानं व्याख्यानमाला सुरू केली. मी विचार करतो, माझ्या देवानं हे बघितलं असेल तर त्याला या माणसाचा राग आला असेल का? माझ्या आईला आला नसता. अंबाबाईला येईल असं मी कसं मानू? आपण तिला आई म्हणतो ना?

देव कुणाकडं कसं बघतो हे शोधायला फार लांब जायला नको. पंढरपूरला चला.

पंढरीचा विठोबा विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत बसला होता. दारात प्रत्यक्ष देव आला. पुंडलिकानं मान वळवली नाही. हात जोडले नाहीत, उठून आत घेतलं नाही, पाट-पाणी विचारलं नाही. हातातलं काम टाकून येणार नाही, थांब म्हणाला, आणि उभं राहायला एक वीट मागं फेकली. देवानं काय केलं? शाप दिला? पुंडलिकावर माणसं घातली? देव कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अजून उभा आहे. आषाढीला वारकरी पायी चालत जातात ते देवाकडं पाठ करून बसलेल्या माणसामुळं उभ्या राहिलेल्या देवाला भेटायला, आणि जयघोष करताना त्या माणसाचं नाव विठ्ठलाच्या आधी घेतात.

माझ्या दृष्टीनं इथंच निकाल लागतो. पुंडलिकाला देव दिसत होता तरी त्यानं पाठ फिरवली. पानसरेंना तो दिसत नव्हता. दोघंही ज्या कामात गुंतले होते ते काम देवाला पसंत पडलं असेल, तर पाठीचा हिशेब देव मांडत नाही. तो हिशेब भक्त मांडतो. मला देवापेक्षा त्याच्या हजेरीपटाची काळजी करणाऱ्यांचीच भीती वाटते.

'नास्तिक' ही शिवी कुणी केली तेही बघा. मनुस्मृतीनं नास्तिक ठरवला तो वेदाची निंदा करणारा. देव न मानणं हा त्यात मुद्दाच नव्हता. जुन्या सांख्य दर्शनात जग चालवायला ईश्वर लागत नाही, आणि तरी सांख्य आस्तिक दर्शनात मोडतं. आपल्या जिल्ह्यात तर हे शिकायला पोथी उघडायचीही गरज नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडं जा, बाहुबलीच्या डोंगरावर जा. जैन धर्म जग घडवणारा देव मानत नाही. त्या घरांशी आपलं पिढ्यान्‌पिढ्या येणं-जाणं आहे, ऊसही शेजारी शेजारी आहे, लग्नाच्या पंगती एकत्र आहेत. जगकर्ता देव न मानणारा शेजारी कोल्हापूर जिल्ह्याला शेकडो वर्षं खपतो. मग एकटा-दुकटा माणूस स्वतःच्या डोक्यानं विचार करून तेच म्हणाला की तो का खपत नाही? की मंदिर, मुनी आणि संख्याबळ पाठीशी असल्याशिवाय न मानण्याचीही परवानगी नाही?

उलट टोकाचं उदाहरणही याच गावचं आहे. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहितानं वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं. राजा असला तरी शूद्र, त्याला पुराणोक्तच पुरे. तो पुरोहित काही नास्तिक नव्हता. देवाचं नाव घेणारा होता. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल बडवणारेही देव मानणारेच होते. महाराजांनी काय केलं? गंगारामना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले. एक चहा तो होता आणि एक चहा मी महाशिवरात्रीला ऐकत प्यायलेला. कोल्हापूर एकच.

आता एक गोष्ट सांगतो जी कोल्हापूरमुळं घडली, पण कोल्हापुरात फार कुणाला आठवत नाही. आपले छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ चालला आहे, अशा बातम्या पुण्यात पोचल्या आणि 'केसरी'-'मराठा'नं दिवाण बर्व्यांवर कडक लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या जोरावर लिहिलं ती बनावट निघाली. १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पंचविशी-सव्विशीतली दोन पोरं. एक देव मानणारा. पुढं मंडालेच्या तुरुंगात त्यानं गीतेवर ग्रंथ लिहिला. दुसरा कराडजवळच्या टेंभूचा, ज्याला देव आहे की नाही हे सांगता येत नव्हतं आणि जो ते लपवत नव्हता. यांना जामीन राहिले ते जोतिबा फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे. फुल्यांचा निर्मिक तर तिसराच, भटजी आणि दलाल यांच्याशिवायचा.

आस्तिक, अज्ञेयवादी आणि सत्यशोधक अशी तीन वाटांची माणसं कोल्हापूरच्या एका दुबळ्या, कोंडलेल्या राजासाठी एका प्रकरणात गुंतली. डोंगरीच्या भिंतींच्या आत देवानं डोकावलं असेल तर त्यानं टिळकांकडं आधी बघितलं आणि आगरकरांकडं नंतर, असं कोण छातीठोकपणे सांगेल? त्याच आगरकरांची पुण्यात भक्तांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. ते १८९५ साली खरोखर गेले तेव्हा फक्त ३८ वर्षांचे होते. अंत्यसंस्काराचा भार कुणावर पडू नये म्हणून पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. मोठ्या पगाराची वाट सोडून गरिबीत शिकवत राहिलेला हा माणूस. वैराग्य म्हणतात ते वेगळं काय असतं?

आगरकरांसारख्यांना अज्ञेयवादी म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा: मला माहीत नाही. आपल्याकडं या तीन शब्दांना फार भितात. नास्तिकाशी वाद घालता येतो, अज्ञेयवाद्याला 'कुंपणावरचा' म्हणून हिणवलं जातं. मला उलट वाटतं. देवापुढं उभं राहून 'मला माहीत नाही' म्हणणारा खोटं बोलत नाही. आणि मी? मी पोराच्या बारावीला नवस बोललो, म्हणजे देवाला भाव सांगितला. काम झालं तर पाच नारळ, नाही झालं तर वर्षभर रुसवा. देवापुढं दोघांना उभं केलं तर खरं बोलणारा कोण ठरेल, हे मला विचारू नका. तुकोबांनी विठ्ठलाच्या असण्यावर शंका घेतली, त्याला वाटेल ते सुनावलं, जनाबाईनंही काही ठेवलं नाही. शंका हा भक्तीच्या घरातलाच माणूस आहे. त्याला आपण अलीकडं बाहेर काढलं.

२०११ च्या जनगणनेत देशभरातल्या १२१ कोटींपैकी साधारण ३३ हजार माणसांनी धर्माच्या रकान्यात नास्तिक असं लिहिलं. न मानणारी माणसं एवढीच असतील हे मला पटत नाही. प्रगणक दारात उभा असताना आतून बाप ऐकतो, सासू ऐकते, बहिणीचं लग्न व्हायचं असतं. मग माणूस गप्प राहतो आणि पेन प्रगणकाच्या हातात असतं. देवाच्या नावावर असली दडपून घेतलेल्या होकारांची गर्दी जमवून देवाला काय मिळतं?

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. दाभोलकर एका मंचावर बसून वाद घालायचे. लागू म्हणायचे देव नाहीच, त्याला आता रिटायर करा. दाभोलकर म्हणायचे, देव आहे की नाही हा आमच्या समितीचा विषय नाही, देवाच्या नावावर होणारी फसवणूक हा आहे. दोन मतं, एक मंच, आणि समोर बसलेले लोक बहुतेक देव मानणारे. महाराष्ट्रानं हे शांतपणे ऐकून घेतलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला मात्र दाभोलकरांचा जीव जावा लागला. खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. एवढी वर्षं 'धर्म बुडेल' म्हणून ओरड चालली होती. कायदा वाचा. देवपूजेला, वारीला, उपवासाला त्यात कुठं हात लावलेला नाही. बाईला भूत लागलं म्हणून चटके देणाऱ्याला लावला आहे. चटके खाणाऱ्या बाईच्या बाजूनं अंबाबाई असेल की चटके देणाऱ्या देवऋषाच्या?

तेरा एप्रिल २०१६. मुंबई उच्च न्यायालयानं पंधरवड्यापूर्वीच सांगितलं होतं की देवळात जाण्याचा बायकांना पुरुषांइतकाच हक्क आहे. त्या हक्कासाठी आंदोलन करणाऱ्या तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला आल्या. त्यांची पद्धत तुम्हाला पटो न पटो. पोलीस बरोबर असतानाही देवळाच्या आत त्यांना धक्काबुक्की झाली, केस ओढले गेले, शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. कुणी केलं? नास्तिकांनी नाही. देवीचं नाव घेणाऱ्यांनी, देवीच्या डोळ्यांसमोर, एका बाईला. गाभाऱ्यात कोण आहे? बाईच आहे ना? त्या दिवसानंतर बरेच शुक्रवार मी मुखदर्शन घेऊन लगेच बाहेर पडायचो. थांबवत नव्हतं.

किरणोत्सवाचंही तेच. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, देवीच्या पायापासून चढत मुखापर्यंत जातात. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी सूर्य, दिशा आणि दगड यांचा केवढा अभ्यास केला असेल. काही वर्षी किरणं अर्ध्यातच अडतात. ढग असतात, धूळ असते आणि वाटेत उभी राहिलेली वाढीव बांधकामं असतात. ती बांधकामं कॉम्रेडांनी केलेली नाहीत. प्रत्येक गच्चीखालच्या दुकानात देवीचा फोटो आहे, रोज हार घातलेला.

आणि न मानणारे सगळे लाल झेंड्याखालीच असतात असंही नाही. कर्मकांड धुडकावणारे, मरणोत्तर विधी नकोत म्हणून सांगून गेलेले सावरकर. त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. पंढरपूरचं देऊळ मात्र दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मेमध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. देवळाला कुलूप कुणी घातलं आणि दार कुणी उघडलं, हे 'मानतो' आणि 'मानत नाही' या दोन पाट्या बघून कळत नाही. साने गुरुजी तर नखशिखांत भक्त.

इथं न मानणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावतो. तुमच्यातल्या काहींना आईच्या सोळा सोमवारांची टिंगल केल्याशिवाय आपण पुरोगामी झालो असं वाटत नाही. त्या माउलीनं आयुष्यभर राबून घर उभं केलं, त्यात तिच्या हाताला तेवढा एकच आधार होता. तो काढून घेताना तुम्ही तिला काय दिलं? गाडगेबाबा पंढरपूरला जात, देवळात जात नसत. बाहेर झाडू मारत, आंधळ्या-पांगळ्यांना जेवायला घालत, पण आत जाणाऱ्या वारकऱ्याला त्यांनी तुच्छ मानलं नाही. बुद्धीचा ताठा आणि सोवळ्याचा ताठा दोन्ही सारखेच कडक असतात.

आमच्या गल्लीत एक गुरुजी होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पक्के नास्तिक. घरात देव्हारा होता तो काकींचा. काकींचा शुक्रवार कडक, गुडघे दुखायला लागल्यावरही देवळात जायच्याच. एकटं कसं पाठवायचं म्हणून गुरुजी बरोबर जायचे. महाद्वारापर्यंत. तिथं काकींच्या चपला हातात घेऊन उभे राहायचे. ऊन असो, पाऊस असो, नवरात्रातली गर्दी असो. एकदा मी म्हटलं, "गुरुजी, स्टँडवर ठेवा की चपला, आणि तुम्हीही चला आत." ते म्हणाले, "तिला वाकून शोधायला लागतात रे. गुडघा दुखतो." आत जायच्या गोष्टीचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. काकी बाहेर आल्या की ते खाली बसून चपला त्यांच्या पायापुढं सरळ लावायचे. मी आत मूर्तीपुढं वाकून आलेलो असायचो. हा माणूस बाहेर वाकलेला असायचा.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली, पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. चिखली-आंबेवाडीची माणसं होडीतून काढावी लागली. कोल्हापूरनं तेव्हा कसर ठेवली नाही. मठांनी, मशिदींनी, तालमींनी चुली पेटवल्या. गुरुजी एका निवाऱ्याच्या ठिकाणी भाजी चिरायला बसत. तिथं चिखलीकडची एक आजी होती. तिला जेवण जात नव्हतं. घर गेलं, म्हैस गेली, पण तिचं एकच चाललं होतं: देव पाण्यात बसलेत.

पाणी उतरल्यावर आम्ही चौघं तिच्याबरोबर घर धुवायला गेलो. गुडघाभर गाळ, भिंतीवर छपराला टेकलेली पाण्याची रेघ, कुजलेल्या ज्वारीचा वास. देव्हारा आडवा पडलेला. गुरुजींनी गाळात हात घातला आणि एकेक टाक चाचपून बाहेर काढला. बादलीत धुतले, खळखळून, दोन पाण्यांनी. मग गळ्यातला पंचा काढून एकेक पुसला आणि उजेडात धरून विचारलं, "हे कोण, आजी?" आजी सांगत गेली. हा जोतिबा. ही अंबाबाई. हा बिरोबा. एक टाक पार झिजलेला, त्यावर बाईची आकृती. "ही माझी सासू हाय," आजी म्हणाली, "लई चांगली हुती." गुरुजींनी तो टाक पुन्हा पुसला. पाच टाक तिच्या पदरात एकेक करून ठेवले आणि म्हणाले, "मोजून घ्या, सगळे आलेत का."

देव नास्तिकाकडं कसं बघत असेल हे मला कुणी विचारलं तर मला गाळानं भरलेले ते हात दिसतात आणि त्यातून स्वच्छ होऊन बाहेर आलेला जोतिबा दिसतो. त्या दिवशी देवाला कुणाचा स्पर्श झाला, मानणाऱ्याचा की न मानणाऱ्याचा? देव्हाऱ्यासाठी रडणारी आजी आणि टाक पुसणारे गुरुजी यांत देवानं डावं-उजवं केलं असेल, तर मग माझा शुक्रवार वाया गेला.

गुरुजी आता नाहीत. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे विधी झाले नाहीत. काकींनी त्यांच्या फोटोला हार घातला. गुरुजींनी त्यालाही हरकत घेतली नसती. परवा शुक्रवारी काकी नातीचा हात धरून देवळात आल्या होत्या. चपला स्टँडवर ठेवल्या. परतताना वाकून शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

पानसरेंना जाऊन दहा वर्षं उलटली. त्यांच्या मागं कोल्हापुरात लोक सकाळी एकत्र चालू लागले, त्याला 'निर्भय मॉर्निंग वॉक' म्हणतात. मी आजवर कधी गेलो नाही. ते आपलं नव्हे, असं वाटायचं. येत्या २० फेब्रुवारीला पहाटे देवीची काकड आरती करून मी सागरमाळला जाणार आहे. न मानणारे तर तिथं येतातच. यंदा ज्यांच्या कपाळाला गंध आहे, त्यांनीही यावं.